आमची वाटचाल : वाकस, थिगळ आणि उरलेलं

पत्ता विचारणाऱ्याला मी आधीच सांगून टाकतो: कच्छची मांडवी वेगळी आणि आमची बडोद्याची मांडवी वेगळी. तिकडे रुक्मावतीच्या काठी जहाजं उभी राहतात. आमच्या मांडवीला चारी बाजूंनी कमानी आहेत आणि भोवती रिक्षा. मुंबईचे नातेवाईक अजून विचारतात, ‘समुद्र नाही, काही नाही, तुम्ही होड्या विकता कुणाला?’ अहो, नर्मदा आहे, मही आहे, तलाव आहेत. आम्ही नदीच्या नावड्या बांधतो. तुम्ही होडी म्हणा. आम्ही तीन पिढ्या गुजरातेत काढल्यावर नावडीच म्हणणार.

आजोबा देवगडकडचे. गायकवाडांचं बंदर म्हणून बिलिमोऱ्याला आले, कारण तिथे साग स्वस्त मिळायचा. 1913 मध्ये वघई ते बिलिमोरा ही छोटी रेल्वे सुरू झाली ती डांगच्या जंगलातलं लाकूड खाली आणायलाच. पुढे ते बडोद्यात स्थिरावले. आजोबा कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या जुन्या तंत्रशाळेत, शिकलेले नव्हते, हे मुद्दाम लिहितो. बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांत आजोबा कलाभवनात शिकलेले असतात. अण्णा, म्हणजे माझे वडील, मात्र खरंच शिकले. दोन वर्षं. तिथून एक गोष्ट घेऊन आले, कागदावर आधी रेघ मारायची. आजोबांना ते पटायचं नाही. त्यांची रेघ डोळ्यात होती. 1951 मध्ये कारेलीबागेत शेड उभी राहिली तेव्हा एका भिंतीवर अण्णांचे पातळ फळीचे फर्मे, म्हणजे आकाराचे नमुने, टांगलेले आणि दुसऱ्या भिंतीला टेकून आजोबा बसलेले, असं आई सांगायची.

आजोबांचा वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, आजही माझ्याच हातात असतो. त्याचा दांडा त्यांच्या उंचीचा आहे, ते माझ्यापेक्षा टीचभर बुटके. दांडा बदलला असता तर कंबर वाचली असती, पण बदलला नाही. ज्यांनी वाकस धरलाय त्यांना सांगायला नको: फळी दोन पायांत घ्यायची, घाव स्वतःकडे मारायचा आणि ढलपी पापडासारखी निघाली पाहिजे. जाड निघाली तर हात चुकला, भुगा निघाला तर धार गेली. सागावर धार लवकर मरते, त्या लाकडात वाळूसारखा अंश असतो. म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर पहिलं काम धार लावणं. नवीन पोरं आधी मोबाईल बघतात.

फळ्या सागाच्या, पण वाक, म्हणजे नावडीच्या आतल्या वळलेल्या फासळ्या, बाभळीचेच. वाकड्या बाभळीला रस्त्यात कोणी विचारत नाही, आमच्यासाठी ती सोनं. फांदी मुळातच जिथे वळलेली असते तिथे लाकडाची रेषा तुटत नाही, म्हणून तिथला वाक फुटत नाही. सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर पाचव्या पावसाळ्यात बोलतंच. 22 फुटी नावडीला साधारण 30 घनफूट साग धरा, तुटफूट धरून. आणि लाकूड घेताना वजनाला भुलू नका. ओलं लाकूड जड लागतं, व्यापारी हसत असतो, आणि वाळल्यावर त्याच फळीच्या फटीतून तुमचा नफा वाहून जातो. लाकूड निदान एक उन्हाळा सावलीत पडू द्या. मी हे फर्निचरवाल्यांनाही सांगतो. ते ऐकत नाहीत.

फटी भरण्याचं काम अण्णा कुणाला देत नसत. कापसाची वात, त्यावर मोगरीचा ठोका, एकसारखा. ठोक्याचा आवाज भरीव झाला की वात बसली. मग जवसाच्या तेलात राळ विरघळवून वरून हात फिरवायचा. थेंब थंड पाण्यात टाकला तर गोळी व्हावी आणि ती बोटाला चिकटावी. नुसती कडकडीत झाली तर उन्हात तडकते. पहिल्यांदा पाण्यात घातलेली नावडी थोडी गळणारच. दोन-तीन दिवसांत लाकूड फुगतं आणि आपल्या आपण बंद होतं. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा. न सांगता नावडी दिली की तो पहिल्याच संध्याकाळी भांडायला येतो.

चांदोदचे काका कधी भांडायला आले नाहीत. नर्मदा आणि ओरसंगच्या संगमावर यात्रेकरूंना नेणारे ते जुने नावाडी. डभोईची नॅरोगेज रेल्वे होती तोवर तिनेच यायचे, हातात नारळ. नवी नावडी वरून पाहायचेच नाहीत. दुपारी बाराला उलट्या घातलेल्या नावडीखाली शिरायचे आणि आतून कुठे उजेड दिसतो का ते बघायचे. चार-चार मिनिटं आत. बाहेर आले की केसांत भुसा, आणि एकच शब्द, ‘सारु.’ पैसे हप्त्याने, दर पुनमेनंतर. यात्रेकरूंची चिल्लर असायची, ओलसर फडक्यात बांधलेली. सौ. ती पाटावर पसरून मोजायची आणि एकही रुपया कमी निघायचा नाही.

1979 ते 1993 ही वर्षं चांगली गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

1993 च्या ऑगस्टमध्ये बडोद्याच्या सुरसागर तलावात नाव उलटली आणि 22 जणांचा जीव गेला. ती नाव आमची नव्हती. हे वाक्य मी त्या वर्षी किती वेळा म्हटलं असेन याची गणती नाही. दूधवाल्याला सांगितलं, बँकेत सांगितलं, लग्नाच्या मांडवात सांगितलं. लोक मान हलवायचे आणि विषय बदलायचे. सुरसागरातला नौकाविहार बंद झाला. आजूबाजूच्या बागांनी, तलावांनी ऑर्डरी मागे घेतल्या. एका ठेकेदाराच्या तीन नावड्या तयार होऊन शेडमध्ये पडल्या होत्या. तो फोनवर येईना. आगाऊ रक्कम घेतली नव्हती, कारण तो ‘घरचाच’ होता. निम्मी रक्कम आधी घ्या. घरच्याकडून पाऊण घ्या.

लाकूड उधारीवर आणलेलं. नावड्या जागेवरच वाळल्या, फटी उघडल्या, फळ्यांनी तोंडं वर केली. शेवटी आम्ही त्या तोडल्या. तोडल्या म्हणजे एकेक खिळा उपसून काढला, कारण साग फेकून देतात का? आणि त्या फळ्यांचे झोपाळे केले. गुजराती घरात हिंचका नाही असं होत नाही. अण्णांनी सत्तरीला टेकल्यावर पितळी कड्यांचे झोपाळे बनवायला घेतले, आणि फळीला खालून कधीच पॉलिश केलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, ‘खालून नावडीच आहे ती.’ अलकापुरीतल्या दोन-तीन बंगल्यांत आजही लोक आमच्या नावड्यांवर बसून चहा पितात, त्यांना माहीत नाही.

1994 च्या उन्हाळ्यात काका आले आणि म्हणाले, नवी नावडी टाका. त्यांची जुनी चारच वर्षांची होती. मी तसं म्हणालो. त्यांनी फडकं पाटावर ठेवलं आणि नारळ फोडला. त्या एका ऑर्डरीवर शेडचं भाडं गेलं, दोन कारागीर टिकले आणि मी धंदा सोडून रिक्षा घेणार होतो ते राहिलं.

आता त्या गृहस्थांबद्दल. नाव लिहीत नाही, अण्णांनी शपथ घातली होती. रंगाचे व्यापारी. आमच्याकडे पंधरा वर्षं रंग तेच पुरवायचे, दिवाळीला मिठाई द्यायचे, अण्णांच्या पाया पडायचे. 1997 मध्ये त्यांनी एक नावडी मागितली, ‘फार्महाऊसच्या तळ्यासाठी’. भाव केला नाही. पूर्ण रक्कम रोख, आधी. मला तेव्हाच कळायला हवं होतं. जो बडोदेकर भाव करत नाही त्याच्या मनात काहीतरी असतंच.

त्या नावडीच्या डाव्या बाजूला, काठाच्या फळीत एक गाठ निसटली. मी तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचं थिगळ बसवलं. घाई होती, ते नखभर वर राहिलं. अण्णा म्हणाले रंधा मार. मी म्हणालो रंगाखाली जाईल. गेलं नाही.

चार वर्षांनी काका आले, या वेळी नारळ नाही. म्हणाले, ‘भाई, तमारुं थिगडुं में प्लास्टिक पर जोयुं.’ माझ्या काही डोक्यात शिरेना. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर गेलो तर घाटाला निळी फायबरची नावडी बांधलेली. डाव्या काठाखाली हात फिरवला. शंकरपाळं. नखभर वर. त्या माणसाने आमच्या नावडीला मेण चोपडून तिच्यावरून साचा उतरवला होता, मग साच्यात जेलकोट (वरचा रंगीत थर), मॅट (काचतंतूंची चादर), रेझिन (चिकट द्रव), आणि आठवड्याला एक नावडी बाहेर. आजोबांचा डोळा, अण्णांची रेघ आणि माझा आळस, तिन्ही एकाच किमतीत. पुढे तशा किती पाहिल्या विचारू नका. पांढऱ्या, केशरी, बदकाचं तोंड लावलेल्या. सगळ्यांना ते थिगळ.

वकिलाला विचारलं. तो म्हणाला, नावडीच्या आकारावर हक्क सांगायला काही नोंद केली होती का? मी म्हटलं, नोंद नदीत आहे. त्याने फी घेतली.

खरं तेही लिहितो. फायबर गळत नाही. दर वर्षी तेलपाणी मागत नाही. हलकी असते, दोन माणसं उचलतात. नर्मदेचं धरण 138.68 मीटरच्या पूर्ण उंचीला गेल्यापासून चांदोदला उन्हाळ्यात पाण्याचा भरवसा राहिलेला नाही, तिथे जड नावडी रेतीत रुतते. काका 2011 मध्ये गेले आणि त्यांच्या मुलाने फायबरची घेतली. मी त्याला काही बोललो नाही. पण काठाला लाल पट्टा मारून दिला, इथवर पाणी आलं की माणूस उतरवायचा. हे फुकट केलं आणि सगळ्यांना फुकट करून देईन. 2024 च्या जानेवारीत बडोद्याच्याच हरणी तलावात नाव उलटून 14 जण गेले, त्यात 12 शाळेची मुलं. त्या रात्री मी शेडमध्ये जाऊन बसलो. सौ. जेवायला हाक मारत होती. लाकूड असो नाहीतर फायबर, माणसं मोजून बसवा आणि जॅकेट घातल्याशिवाय दोर सोडू नका. एवढंही ज्याला जमत नाही त्याने पेडलवर चालणारे हंससुद्धा ठेवू नयेत.

हल्ली वर्षाला एखाद-दुसरी नावडी होते. बाकी झोपाळे. मुलगा पुण्यात आहे, संगणकावर नावडी फिरवून दाखवतो, छान दिसते.

31 जुलै 2019 चं राहिलंच. एका दिवसात 20 इंचांच्या आसपास पाऊस. विश्वामित्री नदी आमच्या गल्लीत, आणि तिच्याबरोबर मगरीही आल्या असतील या भीतीने कोणी पाण्यात पाय घालेना. शेडमध्ये नुसता पाठाण (तळाचा कणा) आणि वाक उभे केलेली एक नावडी होती, फळी एकही नाही. तीन पिढ्यांचे नावडीवाले आम्ही, आणि दोन रात्री माळ्यावर अडकून बसलो. शेजाऱ्यांनी गच्चीवरून हे ओरडून सांगितलंही. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन पोरं केशरी नावडी वल्हवत आली. सौ. आधी उतरली, मग मी, वाकस पोत्यात गुंडाळून. बसलो आणि तोल सावरायला डावा हात बाहेरून काठाखाली गेला.

मी पोरांना सांगायला लागलो की ही माझी नावडी आहे, हे थिगळ बघा. पुढचा म्हणाला, ‘काका, हात आत घ्या. मगर आहे.’