प्रिंटरचा पत्ता एकदाचा पक्का केला

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये लाईट जाऊन आली की ऑफिसातून हाक यायची, "ओ, प्रिंट येईना झालंय!" डिस्पॅचचा पोरगा तेच कन्नडमधून सांगायचा, "प्रिंट बरंगिल्ल री." बाहेर कोल्हापूरजवळच्या शिरोलीला जायचा टेम्पो भरून उभा. ५०,००० रुपयांवरचा माल राज्याबाहेर जायचा म्हणजे ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा माल-वाहतुकीचा कागद, आलंच, आणि कागद हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर काही गाडी हलवत नाही.

प्रिंटर मात्र ठणठणीत. झेरॉक्स निघायची, फक्त कॉम्प्युटर 'ऑफलाईन' म्हणायचा. म्हणजे मशीन शाबूत, बिघाड वाटेत. प्रिंटरच्या मेन्यूतून नेटवर्क सेटिंगचं पान छापून घेतलं. त्यावर प्रिंटरचा नेटवर्कमधला पत्ता, म्हणजे आयपी, १९२.१६८.१.७, आणि कॉम्प्युटर अजून १९२.१६८.१.४ ला कागद धाडतोय! राऊटर डीएचसीपीने, म्हणजे आपोआप, प्रत्येक मशीनला पत्ते वाटतो. लाईट गेल्यावर आमचा राऊटर जुनं वाटप विसरायचा. प्रिंटर सुरू व्हायला वेळ लावतो, तोवर कुणाच्या तरी मोबाईलने त्याचा आकडा घेतलेला असायचा.

पत्ता प्रिंटरच्या पॅनलवरूनच कायमचा भरता येतो. सबनेट मास्क, म्हणजे नेटवर्कचा आवाका सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे राऊटरचा पत्ता. पण तो आकडा राऊटर ज्या टप्प्यातून वाटतो त्याच्या बाहेरचा हवा, नाहीतर एकाच पत्त्यावर दोघे येतात आणि सगळाच घोळ. शिवाय सर्व्हिसवाल्याने मशीन रिसेट केलं की सगळं पुसलं जातं. म्हणून मी राऊटरमध्येच एक पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवला. त्यासाठी प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस लागतो, म्हणजे त्याच्या नेटवर्क जोडणीचा ठरलेला नंबर, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, त्याच छापील पानावर असतो. पाहायचं एवढंच की वायरचा आणि वायफायचा मॅक वेगवेगळा असतो. आमचं मशीन केबलवर, म्हणून वायरचा घातला. राऊटर बदलला तर हे पुन्हा भरावं लागणार, म्हणून ते पान फाईलला लावून ठेवलंय.

कटकटीचं काम पुढेच होतं. प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्सला जाऊन त्या राखीव पत्त्याचा नवा 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी' पोर्ट करायचा. विंडोज स्वतःहून डब्ल्यूएसडी पोर्ट, म्हणजे प्रिंटर आपोआप शोधणारा, जोडून मोकळं होतं. सोपं वाटतं, पण माझा त्यावर भरवसा नाही. अकाउंट्सच्या काकांनी "चालू आहे ते कशाला उकरतोस रे?" म्हणत खुर्ची सोडायला बराच वेळ घेतला.

मग राऊटर आणि प्रिंटर मुद्दाम बंद करून चालू केले, पिंग मारून, म्हणजे प्रिंटरला नेटवर्कवरून हाक देऊन पाहिलं, उत्तर राखून ठेवलेल्याच पत्त्यावरून आलं. प्रिंट निघाली, पण काकांचं स्कॅन त्यांच्या फोल्डरात पोचेना. स्कॅन उलट दिशेने जातं, प्रिंटरमध्ये काकांच्या कॉम्प्युटरचा पत्ता भरलेला होता आणि आता तोच बदलला होता. मग काकांचाही पत्ता राऊटरमध्ये राखून टाकला.