क्राऊनपाशी खणाखणी

या वेळी बीकनच्या (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायच्या रेडिओ यंत्राच्या) सरावाचं थोडक्यात आटपतो, कारण सांगण्यासारखं दुसरंच घडलं. आमच्या शेजारच्या उतारावर एका गटातल्या स्कीअरखाली स्लॅब, म्हणजे बर्फाचा घट्ट थर, अख्खा सुटून घसरला. सुदैवाने कुणी गाडलं गेलं नाही. त्याच्या आधी दोघे जण त्याच उतारावरून निवांत खाली उतरले होते.

दुसऱ्या दिवशी, वर काही लटकलेलं नाही ना हे नीट बघून, आम्ही क्राऊनच्या, म्हणजे स्लॅब तुटून वर उरलेल्या बर्फाच्या कड्याच्या, एका टोकाला पोचलो. उतार भरला ३७ अंश. स्लॅब बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावरच सुटतात, म्हणजे नेमकी स्कीची मजा असते तिथेच. खवट योगायोग! मधोमध स्लॅब कमरेएवढा जाड होता, पण वाऱ्याने झोडपलेल्या खडकांजवळ जेमतेम गुडघ्याएवढा. खाली गाडलेलं सरफेस होर, म्हणजे आधी पृष्ठभागावर जमलेलं हिमतुषार; हाच कमकुवत थर. त्याचे पिसांसारखे स्फटिक भिंगातून सहज ओळखू येत होते.

तिसऱ्याने वळण घेतलं ते खडकांजवळ. स्कीअरच्या वजनाचा ताण खोलीबरोबर झपाट्याने विरतो, मीटरभर खाली फारसा पोचतच नाही. पहिले दोघे जाड भागावरून गेले, त्यामुळे कमकुवत थराला त्यांचा पत्ताही लागला नसावा. पातळ जागी मात्र तो तुटला, आणि एकदा भेग धावू लागली की जाड भागाखालूनही जाते. आधीच्या खुणा पाहून ‘इथे चालतंय’ म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालणार आहे.

बाजूच्या न सुटलेल्या बर्फात एक्सटेंडेड कॉलम टेस्ट (ईसीटी) केली: ९० सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या दिशेने ३० सेंटिमीटर असा बर्फाचा कॉलम कापून त्याच्या एका टोकावर फावडं ठेवून थापा मारायच्या. मनगटातून दहा थापा झाल्या, काही नाही. कोपरातून मारायला लागलो आणि चौथ्या थापेला भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. म्हणजे ईसीटीपी १४: चौदाव्या थापेला भेग आरपार. कोपरातली थाप सगळ्यांची सारखी नसते, त्यामुळे १४ या आकड्यापेक्षा भेग आरपार गेली याला मी जास्त महत्त्व देतो. आरपार गेली नसती, तरी एवढ्या एका खड्ड्यावर मी उतार मोकळा मानला नसता. खड्डा कुठे खणायचा हेच खरं कौशल्य, आणि ते अजून कच्चं आहे.

बीकनबद्दल एवढंच: शोध मोडमध्ये फोन किमान ५० सेंटिमीटर लांब ठेवल्यावर आकड्यांचं उड्या मारणं थांबलं. आता दोन बीकन एकमेकांच्या जवळ पुरून सराव करायचा आहे.