सर्पगंधा आणि आपले डॉ. वकील
आज मैत्रिणीच्या औषधी बागेत सर्पगंधा अगदी जवळून पाहिली. गुडघ्याएवढं झुडूप, एकेका पेरावर तीन-तीन पानं, लालबुंद देठांवर पांढरे झुबके. औषध मात्र सगळं त्या वेड्यावाकड्या, मातकट मुळात.

तेव्हापासून डोक्यात डॉ. रुस्तम जाल वकील आहेत. आपल्या मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ! वेडावर, झोप न येण्यावर हे मूळ आपल्याकडे पिढ्यानपिढ्या देत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्याने रक्तदाबही उतरतो असं लिहिलं, पण बाहेर फारसं कुणी मनावर घेतलं नाही. वकिलांनी ५० रुग्णांवरचा अभ्यास १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला आणि जग जागं झालं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने मुळातून रेसरपीन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकिलांना वैद्यकातला अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या शाळेत हे नाव कधी कानावर का पडलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रेसरपीन मज्जातंतूंच्या टोकांतले नॉरअ‍ॅड्रिनलिन, सेरोटोनिन, डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांचे साठे रिकामे करतं. दाब उतरतो, पण काहींना उदासी घेरते. नवी औषधं आल्यावर ते मागे पडलं. पण याच रेसरपीनने निपचित पडलेले ससे एल-डोपा (शरीर ज्यापासून डोपामिन बनवतं ते द्रव्य) देताच हालचाल करू लागले, आणि स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांच्या या प्रयोगातून पार्किन्सनवरच्या उपचाराची वाट निघाली!

आणि हो, बीपीची गोळी सुरू असलेल्यांनी हे मूळ घरच्या घरी उगाळून घेऊ नका. डॉक्टरांना विचारा.