आमची वाटचाल : गाळे बांधणाऱ्या एका छोट्या फर्मची

लोकं आम्हाला बिल्डर म्हणतात, म्हणू देत. आम्ही गाळे बांधतो. फ्लॅट आमच्याकडं असतात पण ते खालच्या गाळ्यांच्या सोयीनं वर येतात. बाकीच्यांचं उलटं, आधी फ्लॅट ठरतात आणि मग उरलेल्या तळमजल्यात आर्किटेक्ट गाळे कोंबतो, कॉलम कुठं शटरच्या मधोमध, कुठं गाळ्याच्या पोटात, आणि ब्रोशरमध्ये त्या कॉलमच्या जागी छान झाडाची कुंडी काढलेली असते. असा कॉलमवाला गाळा ज्यानं घेतला त्याला विचारा, फ्रीज कुठं ठेवायचा नि काउंटर कुठं.

वाकड, पुनावळे, रावेत ही गावं १९९७ ला पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली, ताथवडे नंतर २००९ ला आलं, हिंजवडी मात्र बाहेरच राहिली. तेव्हा इकडं ऊस होता आणि रात्री साडेआठनंतर रिक्षावाला यायला नाही म्हणायचा. मी एका कॉन्ट्रॅक्टरकडं साइट सुपरवायझर होतो, आप्पा मिस्त्री होते. हिंजवडीच्या आयटी पार्कला माणसं यायला लागली, पोरं भाड्यानं राहायला लागली आणि त्यांना रात्री दहा वाजता अंडी, ब्रेड, रिचार्ज, डोकेदुखीची गोळी काही मिळेना. आप्पा म्हणाले, साहेब, हे खाणार काय नि कुठनं? त्यातनं आमची पार्टनरशिप झाली. शिल्लक माझी, हात आप्पांचे, आणि जागामालक आप्पांच्या पाहुण्यातला, त्यामुळं सातबाऱ्यावर कोण कोण बसलंय ते वकिलाच्या आधी आम्हाला कळायचं.

आप्पांकडं पितळी ओळंबा होता, त्यांच्या वडिलांचा, दोरा कितीदा बदलला असेल देव जाणे. आता लेझर लेव्हल आलीय, आमच्याकडं पण आहे, पण आप्पा शेवटपर्यंत लेझर मारून झाल्यावर ओळंबा सोडून बघायचे आणि मगच मान हलवायचे. आणि पाण्याची लेव्हल ट्यूब, म्हणजे लांबवरच्या दोन जागा एका पातळीत आहेत का ते दाखवणारी पाण्याची नळी. गाळ्यांच्या कामात लेव्हल ट्यूबीला जेवढी किंमत आहे तेवढी कशालाच नाही, कारण सगळा खेळ जोत्याचा असतो. जोतं उंच केलं तर म्हातारी माणसं पायऱ्या चढत नाहीत, पलीकडच्या दुकानात जातात. खाली ठेवलं तर रस्त्यावर जुना थर न खरवडता डांबराचा नवा थर पडतो, मग अजून एक, आणि काही वर्षांनी गाळा खड्ड्यात आणि पहिल्या वळवाला पाणी काउंटरखाली. आप्पा पुढच्या दोन-तीन डांबरांचा हिशोब धरून जोतं काढायचे आणि आज घातलेला रॅम्प उद्या आपोआप सपाट होईल असा उतार द्यायचे. हे कुठल्या ड्रॉइंगमध्ये नसतं.

माझं हत्यार वेगळं. बोहरी आळीतनं आणलेले दोन हातातले काउंटर, अंगठ्यानं दाबलं की आकडा पुढं सरकतो ते. प्लॉट घ्यायच्या आधी मी संध्याकाळी सहा ते नऊ समोरच्या टपरीवर उभा राहतो, एका हातात चालणारी माणसं, दुसऱ्या हातात थांबणारी. नुसती गर्दी बघून भुलू नका, हायवेच्या कडेला पण गर्दी असते, ती कुणाच्या गल्ल्यात पडत नाही. थांबणारा माणूस पाहिजे. आणि ज्या बाजूनं माणूस कामावरनं घरी येतो ती बाजू पाहिजे, सकाळी जाणाऱ्या बाजूला चहा आणि पेट्रोल विकलं जातं, भाजी, दूध, औषध, पोराची वही सगळं येताना. रस्ता तोच पण या बाजूचा आणि त्या बाजूचा गाळा दोन वेगळ्या गावातला समजा.

मधली बरीच वर्षं नीट गेली. कॉम्प्लेक्स झाले, विकले, कम्प्लिशन म्हणजे काम पूर्ण झाल्याचे दाखले आले, सोसायट्या करून दिल्या. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचंय ते २०१४ पासूनचं. आम्ही चौकाजवळचा प्लॉट घेतला, आयुष्यातला सगळ्यात मोठा, तळमजला अन पहिला मजला दुकानं, वर ऑफिसं. प्लॅन हातात, बुकिंग चालू, आणि समोरच्या कोपऱ्यावर दुसऱ्या एका बिल्डर साहेबांचा बोर्ड लागला, मॉल. नाव घेत नाही, इकडच्यांना कळेल. सरकते जिने, एसी, वर मल्टिप्लेक्स येणार असं चित्र, आणि गाळा किती लाखापासून तर आमच्या निम्म्यात. कारण गाळाच एवढासा! सेलेबल एरिया दीडशे फूट लिहायचं आणि आत कार्पेट, म्हणजे खरी वापरायची जागा, ऐंशी फूट. तेव्हा महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, नव्हतं, लोडिंगला, म्हणजे कार्पेटवर चढवलेल्या जादा फुटांना, कुणी विचारत नव्हतं. वर ताबा मिळेपर्यंत वर्षाला बारा टक्के परतावा आणि नंतर तीन वर्षं भाड्याची गॅरंटी. आमची ठरलेली गिऱ्हाइकं एकेक करून टोकन परत मागायला लागली. मी देत गेलो, आमच्यात पैसे अडकवून ठेवायची पद्धत नाही.

यातलं गणित मी तेव्हा पण सांगत होतो, कोणी ऐकलं नाही, आता फुकट ऐका. मॉल चालतो तो एकाच मालकाच्या हातात असला तर. मोठे मॉलवाले गाळे विकत नाहीत, भाड्यानं देतात, मिनिमम गॅरंटी म्हणजे ठरलेलं कमीत कमी भाडं किंवा विक्रीतला हिस्सा, जे जास्त ते, म्हणजे दुकान चाललं तरच मालकाला जास्त मिळतं, म्हणून कुठल्या मजल्यावर काय बसवायचं, अँकर म्हणजे गिऱ्हाईक ओढणारं मोठं दुकान कोण, कपड्याची दुकानं शेजारी शेजारी किती, हे तो झोप उडवून बघतो. मॉल तुकडे पाडून तीनशे जणांना विकला की त्या तीनशेतला निम्मा माणूस गुंतवणूकवाला, त्याला दुकान काढायचंच नसतं, भाडं पाहिजे असतं. मग एक गाळा मोबाइल कव्हर, शेजारचा पण मोबाइल कव्हर, तिसरा बंद. बंदवाला मेंटेनन्स भरत नाही. मेंटेनन्स नाही आला की आधी एसी बंद, मग जिना बंद, मग वरच्या मजल्यावर कोण जातंय. म्हणून आमचा पहिल्यापासनं नियम, तळमजल्याचा गाळा जो स्वतः शटर उघडणार त्यालाच. नुसत्या गुंतवणूकवाल्याला आम्ही पहिल्या मजल्यावर पाठवतो.

तर त्यात २०१६ चा नोव्हेंबर आला. नोटबंदी. दुकानदाराचं बुकिंग कसं असतं हे धंद्यातल्यांना सांगायला नको, एका रात्रीत सगळे गप्प. पाठोपाठ २०१७ ला मे मध्ये महारेरा, जुलैत जीएसटी. महारेराबद्दल माझी तक्रार नाही, कार्पेटवर विका म्हणाले, आम्ही आधीपासनं कार्पेटच सांगत होतो. सत्तर टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि जेवढं काम झालं तेवढंच आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए यांच्या सर्टिफिकेटवर काढायचे, बरोबर आहे. पण जीएसटीनं असं झालं की चालू कामातल्या गाळ्यावर बारा टक्के आणि कम्प्लिशन झालेल्यावर शून्य, मग दुकानदार म्हणतो, कम्प्लिशन येऊ दे, मग बघू. आणि तो थांबला तर कम्प्लिशन येणार कशातनं?

म्हणून फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं. निम्मी रक्कम आली आणि २०१८ च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही मोठी फायनान्स कंपनी बुडाली, बाजारातल्या सगळ्या फायनान्सवाल्यांचे हात आखडले. आम्हाला कर्ज देणाऱ्या कंपनीनं उरलेला हप्ता दिला नाही. नाही देत असं पण सांगितलं नाही, फाइल कमिटीपुढं आहे, हे एकच उत्तर. प्रोजेक्टवर त्यांचा चार्ज, म्हणजे प्रोजेक्ट त्यांच्याकडं तारण, त्यांच्या एनओसीशिवाय म्हणजे ना-हरकत पत्राशिवाय गाळ्याचं अॅग्रीमेंट करता येत नाही, म्हणजे स्वतः पैसे देईनात आणि आम्हाला विकू पण देईनात. व्याजाचं पत्र मात्र महिन्याच्या महिन्याला. दुसरा स्लॅब पडलेला, सेंट्रिंगवाला प्लेटांचं भाडं मागतोय, स्टीलवाल्यानं फोन उचलायचं बंद केलं. आप्पा तेव्हा आजारी, तरी साइटवर येऊन खुर्ची टाकून बसायचे, का तर काम बंद पडलंय असं समोरच्यांना दिसू नये. दोन बिगारी घेऊन नुसतं क्युरिंगचं पाणी मारत राहायचो आम्ही.

त्याच दिवसात आमच्यासमोरचा डिव्हायडरचा कट बंद झाला. सकाळी गेलो तर ब्लॉक लावलेले, आणि नवा कट कुठं, तर बरोब्बर मॉलच्या गेटसमोर. कुणी अर्ज केला, कुणी मंजूर केला, कागद मागितला तर मिळाला नाही. काउंटर घेऊन उभा राहिलो, आकडा निम्म्यावर. ज्यांना हे किरकोळ वाटतंय त्यांनी कधी गाळा विकलेला नाही. माणूस पाव किलो साखरेसाठी पुढं जाऊन यू टर्न मारून येत नाही.

आता ताईंबद्दल. मेडिकलवाल्या ताई आमच्या पहिल्या कॉम्प्लेक्सपासनं आमच्या गिऱ्हाईक, पहिलं दुकान त्यांनी आणि त्यांच्या मिस्टरांनी आमच्याकडनंच घेतलं, मग आम्ही जिथं बांधू तिथं कोपऱ्याचा गाळा त्यांचा, एक भाऊ चालवतो, एक भाची. समोरच्या मॉलवाल्यांनी त्यांना पण बोलावलं होतं, स्पेशल डिस्काउंट, चहा-बिस्किट. ताईंनी पर्समधनं टेप काढला. मेडिकलच्या लायसनला रिटेलसाठी कमीत कमी १० चौरस मीटर लागतात, म्हणजे साधारण १०८ फूट, आणि तो गाळा निघाला ऐंशीचा. त्या सेल्सच्या पोराला म्हणाल्या, बाळा, यात औषधं ठेवू का मी उभी राहू? ही गोष्ट त्या अजून सांगतात आणि दरवेळी त्या पोराचा चेहरा करून दाखवतात.

काम अडलंय हे त्यांना कळलं तेव्हा त्या स्वतः आल्या. त्यांचा गाळा बुक होता, अॅग्रीमेंट रजिस्टर होतं, पुढचा हप्ता पुढच्या स्लॅबला होता. म्हणाल्या, आत्ता भरते. मी म्हणलं ताई, कायद्यानं तुम्हाला द्यायची गरज नाही, आणि दिलात तरी सत्तर टक्के त्या खात्यातच बसणार. तर म्हणाल्या, खात्यात दिसू दे ना, खातं रिकामं दिसलं की लोकं पळतात. एवढ्यावर थांबल्या नाहीत, त्यांच्या ओळखीतला किराणावाला, बेकरीवाला, चष्म्याचं दुकान, सगळ्यांना घेऊन आल्या आणि ते सगळे जण फायनान्स कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसले की एनओसी द्या, आम्ही गाळे घ्यायला तयार आहोत आणि तुम्ही अडवताय. मी बरोबर नव्हतो, मला नंतर कळलं. विकलेल्या गाळ्याचे पैसे आधी कर्जात वळते करायचे, या अटीवर एनओसी मिळाली. त्या अटीत आमचा नफा गेला तो गेलाच, पण स्लॅब पडला. स्टीलवाल्याचा पण फोन लागायला लागला.

२०१९ च्या शेवटी कम्प्लिशन मिळालं आणि मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन. मॉल ५ ऑगस्टला उघडले, तोपर्यंत पूर्ण बंद. आमच्या लाइनीत मेडिकल, किराणा, डेअरी पहिल्या दिवसापासनं चालू, ताईंच्या दुकानासमोर चुन्याचे गोल. बाकीच्यांकडनं, आमचे जे भाड्याचे होते त्यांच्याकडनं, तेवढे महिने भाडं घेतलं नाही. त्यांच्यातला एकही सोडून गेला नाही.

समोरचा मॉल? तळमजल्यावर एक फर्निचरचं शोरूम आहे, वर शटर. सरकता जिना पायऱ्या म्हणून वापरतात. वाईट वाटतं ते घेणाऱ्यांचं, त्यात एक रिटायर्ड गुरुजी आहेत, पीएफचे पैसे घातले, भाड्याची गॅरंटी पहिल्या वर्षानंतर संपली. अजून माझ्याकडं येऊन विचारतात, कुणी घेईल का हो. आणि ते साहेब? त्यांचा पुढचा प्रोजेक्ट चालू आहे, सत्कार होतात, स्टेजवर त्यांना रिटेल क्षेत्रातले द्रष्टे म्हणतात. आम्हाला आजवर कुणी नारळ पण दिलेला नाही. कट पण अजून तिकडंच.

२०२३ च्या सप्टेंबरात वाकडला मॉल ऑफ द मिलेनियम उघडला तेव्हा ओळखीचे म्हणाले, आता तुमच्या गाळ्यांचं काही खरं नाही. उलट झालं. तिथं पँट घेतात आणि लांबी कमी करायला आमच्या टेलरकडं येतात, त्यानं दुसरं मशीन घेतलं. दूध घ्यायला कोण पार्किंगचं तिकीट फाडतंय.

गाळा घ्यायचाच असेल तर दुपारी बघायला जाऊ नका, संध्याकाळी जा, आणि दलालाला न सांगता जा. थ्री फेजचा किती लोड मंजूर आहे विचारा, हॉटेल काढायचं असेल तर धुराचा डक्ट वरपर्यंत नेलाय का ते डोळ्यांनी बघा, नाहीतर वरचे फ्लॅटवाले पहिल्या फोडणीला भांडायला येतात. समोरचं मार्जिन, म्हणजे दुकानापुढची मोकळी सोडलेली जागा, तुमचं आहे असं कोणी तोंडी सांगितलं तर हसा आणि पुढं जा. आणि संडास. दहा तास दुकानात उभ्या राहणाऱ्या बाईनं जायचं कुठं हे कुठल्याच प्लॅनवर नीट नसतं, आमच्या प्रत्येक कॉम्प्लेक्सला मागच्या बाजूला बायकांचं वेगळं आहे, ते ताईंनी भांडून करून घेतलंय.

आप्पा आता नाहीत, त्यांचा मुलगा साइट बघतो, लेझरवर जास्त भरवसा आहे त्याचा. नवीन काम म्हाळुंग्याच्या बाजूला चालू आहे, तळमजला सगळा विकला गेला, कोपरा अर्थात ताईंचा, आता भाचीच्या नावावर. पहिल्या मजल्यावरचे दोन आहेत शिल्लक, क्लासला किंवा दातांच्या डॉक्टरांना चांगले, जिना पुढूनच आहे आणि लिफ्ट पण. बघायला संध्याकाळीच या.