तुम्ही विचारलंत म्हणून: अजून क्यूबच का फोडतो?

"स्लॅबमध्ये सेन्सर टाकला की काँक्रीटची ताकद मोबाईलवर कळते, मग क्यूब कशाला फोडत बसता?" भेटेल तो हेच विचारतो, आणि 'तुम्ही बांधकामवाले मागासलेलेच' हा त्यामागचा सूर मला लागतो. क्यूब म्हणजे त्याच काँक्रीटचे साच्यात भरलेले ठोकळे; ते यंत्रात दाबून फोडले की ताकद कळते.

तापमान आणि गेलेले तास यांवरून ताकद काढायचं गणित १९५१ साली छापून आलंय. १९७८ मध्ये अमेरिकेत विलो आयलंडला कूलिंग टॉवरचं बांधकाम कोसळून ५१ कामगार गेले. आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटला पुरती ताकद आली नव्हती. ते वाचून साइटवर सेन्सर आणण्यासाठी मीच भांडलो होतो.

एका स्लॅबला काँक्रीट भरल्यावर चौथ्या दिवशी मोबाईलवर हवा तो आकडा आला. सेंटरिंगचे, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचे, मिस्त्री म्हणाले, "साहेब, हातोडीचा आवाज अजून बद्द येतोय. दोन दिवस थांबा." मी त्यांच्यापुढे मोबाईल धरला. मधल्या रांगेतले टेकू काढले. तासाभरात स्लॅबच्या पोटाला केसाएवढी भेग दिसली, मग शेजारी दुसरी. मिस्त्रींनी आधी माणसं बाहेर काढली, मग कडेकडून एकेक टेकू पुन्हा लावत आत आले. मी उभाच. रात्रभर भेगेच्या टोकांना खडूच्या खुणा करून बॅटरीच्या उजेडात पाहत बसलो. कुणाला इजा झाली नाही.

काँक्रीट मिसळून देणाऱ्या बॅचिंग प्लांटने सिमेंट कमी करून फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाची राख, वाढवली होती; तिने ताकद उशिरा येते. सेन्सर मोजतो फक्त तापमान; त्यावरून ताकद सांगणारा आलेख त्याच मिक्सचे क्यूब फोडून आधी काढावा लागतो. माझा आलेख जुन्या मिक्सचा होता. बदल चलनावर लिहिलेला होता, ते चलन स्टोअरमध्ये पडून होतं.

करारात क्यूबच लिहिलाय, असं कन्सल्टंट म्हणाले. सेन्सरवाल्यांनी अटींचा कागद दाखवला. क्यूबच्या रजिस्टरवर तिघांच्या सह्या असतात. सेन्सरच्या त्या आकड्याखाली माझी एकट्याची होती.

तेव्हाचा मी म्हणेल, चूक तुझी, यंत्राची नाही. मान्य. पण मिक्स बदलला की नव्या आलेखासाठी २८ दिवस क्यूब फोडायचे, आणि तो खर्च टेंडरच्या एकाही ओळीत नाही. मग तो करायचा कुणी? भित्रा झालोय का मी? असेनही.

पुढच्या आठवड्यात स्लॅब भरायचाय. सेन्सर आणलेत, क्यूबचे साचेही तेल लावून ठेवलेत. दोन्हींचे आकडे जुळले नाहीत तर सेंटरिंग कशावर खोलणार, ते मला अजून सांगता येत नाही.