हळूहळू म्हणजे नक्की किती?

पातळ तळाच्या बुटांच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद होता. त्यावर पायाचं चित्र, आणि खाली ठळक अक्षरांत एकच सूचना: सवय हळूहळू करा. आज आठ वर्षं झाली, पाच जोड्या झिजवून झाल्या, तरी त्या एका शब्दावरचा माझा राग गेलेला नाही. हळूहळू म्हणजे रोज दहा मिनिटं की आठवड्यातून दहा मिनिटं? महिनाभर की वर्षभर? मी मनाशी सहा आठवडे धरले. आपण शिस्तीचे, आपल्याला सहा पुरे, असंही वाटलं होतं.

त्याआधी दहाएक वर्षं जाड, गुबगुबीत बुटांत धावत होते. त्यांची टाच चवड्यापेक्षा दहा-बारा मिलिमीटर उंच असते. उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरायचा, म्हणून बेअरफूट बुटांकडे वळले. चार-पाच मिलिमीटरचा तळ, टाच आणि चवडा एका पातळीत, पुढे बोटं पसरायला ऐसपैस जागा. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा 2010 मधला 'नेचर'मधला शोधनिबंध खूप गाजला होता. सवयीने अनवाणी धावणारे लोक बहुतेक वेळा चवड्यावर उतरतात, त्यामुळे टाच आपटताना बसणारा तो पहिला कडक धक्का त्यांना जवळजवळ बसतच नाही, असं त्यात मोजून दाखवलं होतं. मला ते पटलं, अजूनही पटतं. फक्त वाचताना 'सवयीने' हा शब्द मी सोयीस्करपणे गिळला.

पहिल्या महिन्याबद्दल फार लिहीत नाही, तो बहुतेकांचा सारखाच जातो. पोटऱ्या दगड होतात. दुसऱ्या धावेनंतर मी दोन दिवस कठडा धरून जिना उलटा उतरत होते. मग एक दिवस दुखायचं थांबलं, पाऊल हलकं पडायला लागलं, आणि मला वाटलं, झालं, जमलं आपल्याला.

सातव्या आठवड्यात आठ किलोमीटर धावले. सहाव्या किलोमीटरपासून डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला काहीतरी टोचल्यासारखं होत होतं. लेस घट्ट बांधली असेल म्हणून थांबून सैल केली आणि उरलेलं अंतर पूर्ण केलं. (हे लिहितानाही स्वतःचाच राग येतो.) दुसऱ्या दिवशी पावलावर हलकीशी सूज होती. दुसऱ्या बोटाच्या मागे जे लांब हाड जातं, त्यावर एका बोटाने दाबलं की एका ठरावीक जागी, ती नाण्याएवढीही नसेल, कळ डोक्यात जायची. दोन बोटं बाजूला दाबलं तर काही नाही.

एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "हाड अगदी व्यवस्थित आहे. मार लागला असेल, थोडा आराम करा." मी विचारलं, थोडा म्हणजे किती? "दुखायचं थांबेपर्यंत." ते पाचव्या दिवशी थांबलं. सहाव्या दिवशी मी धावायला गेले. व्यवस्थित हाडाला कशाला जपायचं?

त्यानंतरचे पंधरा दिवस असेच गेले. दुखलं की थांबायचं, थांबलं की धावायचं. शेवटी चालतानाही लंगडायला लागले तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधीची फिल्म बघितली, तारीख बघितली आणि पुन्हा एक्स-रे काढायला लावला. नव्या फिल्ममध्ये त्या हाडाभोवती कापसाच्या बोळ्यासारखं पांढुरकं धुकं होतं. हाडाला बारीक चीर गेली होती आणि शरीर ती सांधायच्या प्रयत्नात होतं. दिसत होतं ते नवं हाड. चीर स्वतः इतकी बारीक असते की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत ती बहुधा दिसतच नाही, भरणं सुरू झालं की मागाहून कळते. एमआरआयमध्ये आधी कळली असती. म्हणजे पहिली फिल्म स्वच्छ असण्याला तसा काही अर्थच नव्हता, आणि हे मला कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर ते पंधरा दिवस वाचले असते. पहिल्या डॉक्टरांनी चूक केली असं मी म्हणत नाही. "आज दिसत नाही" आणि "नाही" यात फरक असतो, तो त्यांनी सांगायला हवा होता, एवढंच.

पुढचे आठ आठवडे पायात काय होतं? कडक, न वाकणाऱ्या तळाचा जाडजूड बूट. ज्याला मी नावं ठेवली होती, त्याचाच थोरला भाऊ.

घरी बसून मग जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. 2013 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सरावलेल्या 36 धावपटूंपैकी 19 जणांना दहा आठवड्यांत पातळ बुटांची सवय करायला दिली, बाकीचे आपल्या नेहमीच्या बुटांत धावत राहिले. आधी आणि नंतर एमआरआय काढले. पातळ बुटांवाल्या 19 पैकी 10 जणांच्या पावलाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. दहा आठवड्यांत, तेही आखून दिलेल्या वेळापत्रकाने! माझे तर सहाच.

कारण समजल्यावर चीड थोडी निवली. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात. हाडाचं तसं नाही. भार वाढला की हाड आधी जुना भाग खरवडून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. खरवडणं दोन-चार आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र काही महिने लागतात. मधल्या काळात ते आधीपेक्षा कमजोर असतं, आणि नेमकं तेव्हाच पोटऱ्या दुखायच्या थांबलेल्या असतात. वर दुसऱ्या बोटामागचं हाड मुळाशी घट्ट अडकलेलं असल्यामुळे शेजाऱ्यांसारखं हलून भार सोडत नाही. म्हणून पोटऱ्यांनी दिलेला "जमलं" हा निरोप धरू नका. तो हाडांचा निरोप नसतो.

दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा आकडे ठरवूनच. दोन महिने त्या बुटांत फक्त चालणं. मग एक मिनिट धाव, चार मिनिटं चाल, असं पाच वेळा, एक दिवसाआड. दर आठवड्याला धावेचं अर्धं मिनिट वाढवायचं, आणि दर चौथ्या आठवड्यात काहीच वाढवायचं नाही. बाकीचं धावणं जुन्या जाड बुटांत. सलग पाच किलोमीटर व्हायला आठ महिने लागले. माझ्या लेखी आता हळूहळूचा अर्थ हा. तुमचा वेगळा असेल, पण आकड्यात असू द्या.

रोज रात्री एका बोटाने पावलाची लांब हाडं दाबून बघायची सवय तेव्हापासूनची. पसरट दुखणं चालेल. बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं असेल तर धावणं बंद, आणि एक्स-रे स्वच्छ आला तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढायचा का, हे तोंड उघडून विचारायचं.

बूट घेताना कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढा आणि बूट त्या रेघेवर ठेवा. रेघ बाहेर डोकावली तर तो बूट तुमचा नाही, त्यावर बेअरफूट लिहिलेलं असलं तरी. आणि धावताना कान उघडे ठेवा. फटक-फटक आवाज येत असेल तर पावलं लांब पडताहेत. मी मिनिटाला 160 वरून 174 पावलांवर आले तेव्हा तो आवाज गेला. मुद्दाम चवड्यावर उड्या मारत धावू नका, मी तेही केलंय. टाच हलकेच टेकू द्यायची, नाहीतर टाचेमागची शीर धरते.

कुणीतरी तुम्हाला अबेबे बिकिलाचं उदाहरण देईलच. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये तो अनवाणी मॅरेथॉन जिंकला, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत. खरं आहे. पण तो सरावही अनवाणी करत होता. आणि 1964 मध्ये टोकियोत पुन्हा जिंकला तो बूट घालून, तीन मिनिटं कमी वेळात, हे सांगायचं लोक विसरतात.

मग एवढं करून फायदा काय? गुडघा बऱ्यापैकी गप्प आहे, पण ते बुटांमुळे की लहान पावलांमुळे, मला सांगता येणार नाही. एका पायावर डोळे मिटून उभी राहू शकते, पूर्वी भिंत धरायचे. बोटं पसरली आहेत, जुने निमुळते बूट आता चढत नाहीत. सकाळी पहिली दहा पावलं पोटऱ्या अजून आखडलेल्या असतात. पंधरा किलोमीटरच्या वर मी सरळ जाड बूट घालते. कट्टर मंडळींना हे आवडत नाही, पण हाड माझं आहे.

आणि हो, एक राहिलंच. जोडी कधी टाकायची हे तळ सांगतो. माझा नेहमी चवड्याच्या बाहेरच्या कडेने झिजतो. पहिल्या जोडीला तिथे भोक पडलं होतं, ते मला डबक्यात पाय पडून एकच मोजा भिजला तेव्हा कळलं.