दोन थेंब पडले की लाइट का जाते?

कोथरूडला राहायला आल्यापासून दर जूनमध्ये हा प्रश्न मला ठरलेला. जिन्यात, भाजीवाल्याकडे, लग्नाच्या पंगतीत. मी वीज कंपनीत नोकरी केली आणि शेवटची सहा वर्षं पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या एका तालुक्याच्या गावात उपविभाग सांभाळला, हे कळलं की समोरचा विचारतोच, "मॅडम, पाऊस धड सुरूसुद्धा होत नाही, तोवर लाइट का जाते?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

आधी भारनियमन बाजूला ठेवू. त्यात वीज कमी पडते म्हणून ठरवून बंद करतात. २००५ नंतरची ती वर्षं मी गावाकडे काढली. पुण्यात २००६ मध्ये कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवून ग्रिडवरचा भार हलका केला, ग्राहकांनी थोडा जादा आकार भरला आणि शहराचं भारनियमन टळलं. आमच्याकडे मात्र रोज तासन्‌तास अंधार असायचा. पावसात जाणारी लाइट वेगळी. तेव्हा वीज असते, पण वाहिनी ती धरून ठेवू शकत नाही.

खांबावर तार ज्या पांढऱ्या किंवा तपकिरी चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसते, तो नीट पाहा. ११ हजार व्होल्टची तार आणि लोखंडी खांब यांच्यामध्ये तेवढाच एक आडवा येतो. पावसाळा संपल्यापासून त्याच्यावर रस्त्याची धूळ, वीटभट्टीचा धूर साठत जातो. कोरडी धूळ त्रास देत नाही. जोराचा पाऊस आला तर ती धुऊन जाते. पण पहिली भुरभुर धूळ धूत नाही, नुसती भिजवते. त्या ओल्या थरातून करंट खांबाकडे सरकायला लागतो. शिवाय उन्हाने दिवसभर तापलेल्या चिनी मातीवर एकदम गार पाणी पडलं की बारीक तडा जातो. म्हणून दोन थेंबांना जाणारी लाइट पुढे दोन तासांच्या मुसळधार पावसात टिकते.

करंट जमिनीत जायला लागला की उपकेंद्रातला रिले, म्हणजे लाइनीवर नजर ठेवणारं उपकरण, तो ओळखतो आणि ब्रेकर, म्हणजे मोठा स्विच, उघडून वीज तोडतो. फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे जाणारी लाइन, ट्रिप होतो तो असा. शहरात हाच प्रकार जमिनीखाली होतो. हिवाळ्यात कोणीतरी खोदताना केबलला कुदळ लागते, वरून माती लोटली जाते आणि जूनमध्ये पाणी त्या जखमेपर्यंत पोचतं.

मग परत यायला दोन-दोन तास का लागतात? कारण दोष बहुतेक वेळा चालत जाऊनच शोधावा लागतो. वायरमन मधला एबी स्विच, म्हणजे लाइन मध्येच तोडणारा खांबावरचा स्विच, उघडतो, ऑपरेटर अर्ध्या लाइनीत वीज सोडून बघतो. टिकली तर दोष पुढच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं अर्धं. शेवटी दहा-पंधरा खांब उरतात आणि माणूस बॅटरी घेऊन चिखलातून एकेक खांब बघत जातो. तोवर पाऊस थांबलेला असतो, तडा सुकलेला असतो आणि खालून तो इन्सुलेटर अगदी धडधाकट दिसतो. म्हणून १९१२ वर फोन कराल तेव्हा "लाइट गेली" एवढ्यावर थांबू नका. ठिणगी कुठल्या वळणावर दिसली, आवाज कुठून आला, कुठल्या गुलमोहराची फांदी तारेवर आहे, तेही सांगा. एका माणसाची दोन किलोमीटरची पायपीट वाचते.

मे महिन्यात गुरुवारी तीन-चार तास वीज बंद ठेवून फांद्या तोडतात, तारेला तार जोडणारे जंपर आवळतात, फुटके इन्सुलेटर बदलतात. माझ्या मते वर्षभरात आमच्या हातून होणारं सगळ्यात मोलाचं काम तेच. त्यासाठी मी लोकांचे बोल खाल्ले, तरी एकही गुरुवार सोडला नाही.

बोलणाऱ्यांचा हक्क मी कधी नाकारला नाही. १९६० साली वीज मंडळ झालं, २००५ मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या, तरी मालकी सरकारकडेच राहिली, म्हणजे शेवटी बिल भरणाऱ्या त्या गावाकडेच. रात्री बारा वाजता मला फोन लावून जाब विचारणारा माणूस मला कधी आगाऊ वाटला नाही. आधी ग्रामीण रुग्णालय, मग पाणीपुरवठ्याचे पंप, मग गाव, हा लाइट परत द्यायचा क्रम मी प्रत्येकाला समजावून सांगायची. एक गोष्ट मात्र कधी ऐकली नाही. "मॅडम, एकदा घालून तर बघा!" घालणं म्हणजे परत चालू करणं. दुसऱ्यांदा ट्रिप झालेला फीडर लाइन न बघता घालायचा नाही. अंधारात ती तार कुणाच्या अंगणात पडली आहे, ते उपकेंद्रात बसून कळत नाही.

खरं सांगायचं तर लाइट गेल्याची मला कधी धास्ती वाटली नाही. जायला हवी असताना न गेलेल्या लाइटची वाटायची.

मे अखेरीची रात्र होती. वळवाचं नुसतंच वारं सुटलं, पाऊस नाही. दहाच्या सुमारास उपकेंद्रातून ऑपरेटरचा फोन आला. दोन वस्त्यांवरून तक्रार होती की काही घरांत दिवे चांगले आहेत, काही घरांत नुसते लुकलुकतायत. तो म्हणाला, "मॅडम, फीडर उभा आहे, चालू आहे. पण दोन फेजवर साठ अँपिअर आहेत आणि एकीवर चाळीस. मला हे बरं दिसत नाही." मी म्हटलं, "बंद कर. आत्ता."

फीडरच्या तीन फेज म्हणजे तीन तारा, आणि तिन्हींवर करंट साधारण सारखा असायला हवा. कुठेतरी एक तार तुटली होती, हे त्या आकड्यांवरून उघड होतं. पण ती कोरड्या मुरमावर पडली असणार. कोरड्या जमिनीतून इतका थोडा करंट जातो की रिलेला तो कळतच नाही. ओल्यात पडली असती तर फीडर बहुधा आपोआप ट्रिप झाला असता. अशी तार जिवंतच पडून राहते, अंधारात, कुणी पाय देईपर्यंत.

चौदा गावं बंद झाली. पाऊस नाही, कडकडाट नाही, तरी लाइट का घालवली, म्हणून फोन सुरू झाले. दोन वायरमन आणि एक हेल्पर लाइनीखालून चालत निघाले. मी जीपने पुढच्या टोकाला गेले. सव्वा वाजता ओढ्याच्या अलीकडे तार सापडली, डेअरीकडे जाणाऱ्या पायवाटेवर आडवी. टोक जिथे टेकलं होतं तिथला मुरूम वितळून काचेसारखा गोळा झाला होता. लाइन दोन्हीकडून अर्थ करून, म्हणजे जमिनीला जोडून, त्यांनी तार जोडली आणि तीन वाजून वीस मिनिटांनी फीडर चालू झाला.

आम्ही सामान आवरत होतो तोवर साडेचार झाले. पहिला दूधवाला मोटारसायकलला दोन्ही बाजूंना कॅन लावून त्याच वाटेने आला. थांबला, आम्हाला ओळखलं आणि विचारलं, "ताई, रात्री लाइट का घालवली होती हो?"

थोरल्या वायरमनने बॅटरीचा झोत त्या काचेच्या गोळ्यावर टाकला. दूधवाल्याने गाडी बंद केली, खाली उतरला आणि त्या जागेच्या अलीकडेच बराच वेळ उभा राहिला.